हिरवळीसाठी विजेचे यंत्र

नागपूरच्या प्रतापनगरात आम्ही घर बांधले तेव्हा त्या भागात घरांपेक्षा रिकामे प्लॉट अधिक होते. घर लहानच झाले, पण समोर हिरवळ असावी हा हट्ट माझा होता. मी तेव्हा चाळिशीच्या आत होतो आणि एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवीत होतो. सिव्हिल लाइन्समधून सायकलने जाताना मोठ्या बंगल्यांसमोरची सपाट, एकसारखी कापलेली हिरवी पट्टी मी कितीदा तरी पाहिली होती, आणि आपले घर होईल तेव्हा तिचा एक तुकडा आपल्याकडेही असेल असे मनाशी ठरवून ठेवले होते. काळ्या मातीत मुरूम मिसळून, हरळीची मुळे रोवून दोन पावसाळ्यांत ती हिरवळ उभी राहिली. मग मी तिच्यासाठी एक नियम केला. तिच्यावर कोणी पायताण घालून जायचे नाही.

हा नियम सर्वांसाठी होता असे मी म्हणत असे. आज पन्नाशी ओलांडल्यावर मागे वळून पाहतो तेव्हा जाणवते की तो सर्वांनी पाळला नाही. पाहुणे बूट घालून खुशाल हिरवळीवर उभे राहत आणि मी हसून गप्प बसत असे. नियम काटेकोरपणे पाळला तो आमच्या माळ्याने. फाटकातून आत आला की तो चपला कुंपणाच्या मेंदीखाली काढून ठेवी आणि जाताना पुन्हा पायात घाली. एकदा पत्नी म्हणालीही, "त्यांना तरी कशाला? दगडकाड्या टोचत असतील." मी म्हटले, "त्यांना सवय आहे." त्याच्या वडिलांना गावाकडे काही घरांवरून जाताना वहाणा हातात घ्याव्या लागत, आणि ते सारे मागे टाकून त्या कुटुंबाने शहरात येऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, हे मला पुढे कळले. पण हे तेव्हा माहीत असते तर मी नियम बदलला असता का, याचे उत्तर मी स्वतःला अजून खात्रीने देऊ शकत नाही.

तो माळी जवळपास माझ्याच वयाचा होता. आमच्याकडे आठवड्यातून दोन सकाळी येई. उरलेला वेळ तो एका सरकारी कार्यालयाच्या मोठ्या बागेत रोजंदारीवर असे. उकिडवा बसून, डाव्या मुठीत गवताचा झुबका धरून उजव्या हाताने विळा असा फिरवी की कापलेले गवत एकाच दिशेला पडत जाई. पावसाळ्यात गवत इतके माजे की एका टोकाचे कापून होईपर्यंत दुसऱ्या टोकाचे वर आलेले असे. तरी त्याने कधी तक्रार केली नव्हती. म्हणून एके सकाळी तो व्हरांड्याच्या पायरीशी येऊन उभा राहिला तेव्हा मला नवल वाटले.

"साहेब, एक मशीन घ्या ना जी गवत कापाची."

"का हो? विळ्याने कंटाळलात?"

"कंटाळून कसं चालते?" तो हसला. "आमच्या बागेत पेट्रोलची मशीन आली. ते चालवाले एक माणूस पक्का करणार हायेत. परमनंट. बाकीचे रोजीवरच राहतीन. आता मले बारा वर्सं झाले रोजीवर. पण सुपरवायझर मशीनले हात लावू देत नाही. म्हणते, अगोदर चालवता येत असन तं सांग. आता हात लावल्याशिवाय चालवता कसं येईन, तुमीच सांगा."

त्याच्या म्हणण्याचा अर्थ स्वच्छ होता. दिवाळीनंतर त्या जागेचा हुकूम निघणार होता. तोवर त्याचा हात कुठल्यातरी यंत्रावर बसायला हवा होता, आणि त्याच्या ओळखीत यंत्र विकत घेण्याची ऐपत आणि हौस असलेला माणूस मीच होतो. बारा वर्षांच्या रोजंदारीतून बाहेर पडण्याची ही त्याची एकुलती एक वाट होती, आणि ती माझ्या हिरवळीवरून जात होती. मी मोठ्या उत्साहाने होकार दिला.

पुढचे तीन-चार रविवार आमच्या व्हरांड्यात या एकाच विषयाची चर्चा चालली. आमचे शेजारी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ होते. यंत्र कोणतेही असो, त्यांना त्यावर मत असे. तेव्हा आमच्यापुढे तीन मार्ग होते. पहिला, हाताने ढकलायचे यंत्र, ज्यात चाकांबरोबर पाती फिरतात. दुसरा, विजेवर चालणारे, ज्याच्यामागे घरापासून तार ओढत न्यावी लागते. तिसरा, पेट्रोलचे, जे दोरी ओढून सुरू करायचे.

"चौथा मार्ग मी सांगतो," शेजारी म्हणाले. "बॅटरीवर चालवा. ट्रॅक्टरची बॅटरी माळ्याच्या पाठीला बांधून द्या. तार नको, पेट्रोल नको."

"आणि माळी?" पत्नीने आतून विचारले.

"माळी वाकला की बॅटरीतलं अ‍ॅसिड गवतावर. गवत कापायचीच गरज नाही!"

"तुम्ही दोघं चार रविवार बोलून राहिले," ती चहा ठेवत म्हणाली. "तेवढ्यात माझं कातरीनं सारं लॉन कापून झालं असतं."

हाताने ढकलायचे यंत्र आम्ही एका मित्राकडून मागून आणून पाहिले. आमच्या मातीत मुरूम घातला होता तरी पावसाळ्यात ती ओल धरीच. यंत्राची लोखंडी चाके रुतत, आणि उंच गवत पात्यांत अडकून चाके थांबत. माळ्याने दोन फेऱ्या केल्या आणि घाम पुसत म्हणाला, "साहेब, हे तं बैलाचं काम हाय. मले जोडीदार द्या मंग एक."

त्याचा कल पेट्रोलच्या यंत्राकडे होता, आणि कारण उघड होते. पण मला पेट्रोल नको होते. डबा घेऊन पंपावर जा, तेल मिसळा, काजळी काढा, आणि त्या फटफटीने रविवारच्या सकाळचे माझे वाचन बुडवा, यातले काहीच मला नको होते. वीज मात्र मला आवडे. ती शांत होती, स्वच्छ होती, बटण दाबले की हजर होती, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ती माझ्या विषयातली होती. शेजाऱ्यासमोर तिच्याविषयी मी अधिकाराने बोलू शकत होतो.

"पण तिथली तं पेट्रोलची हाय ना जी," माळी हळूच म्हणाला.

"ढकलायचं, वळवायचं, कडा सांभाळायची, हे सगळं सारखंच," मी म्हटले. "एकावर हात बसला की दुसऱ्यावर बसतो."

तो विळा घेऊन गवताकडे वळला. ज्याच्यासाठी यंत्र घेत आहोत असे मी सर्वांना सांगत होतो, त्याने मागितलेले यंत्र मी घेतले नाही. माझे पहिले चुकणे तिथेच होते, आणि ते इतके सभ्य दिसणारे होते की मला ते वर्षानुवर्षे चुकणे वाटलेच नाही.

बदली होऊन निघालेल्या एका अधिकाऱ्याकडून मला जुने विजेचे यंत्र मिळाले. जड, हिरव्या रंगाचे, लोखंडी दांड्याचे. त्याच्या तारेत तीन धागे होते, लाल, काळा आणि हिरवा. पहिल्या दोहोंतून वीज येते-जाते. हिरवा धागा यंत्राच्या अंगाला जोडलेला असतो आणि त्याचे दुसरे टोक जमिनीत जाते. यंत्रात काही बिघडून वीज त्याच्या लोखंडी अंगावर आली तर ती माणसातून न जाता या धाग्याने जमिनीत जावी, एवढेच त्याचे काम. त्याला अर्थिंग म्हणतात. हे मी दर वर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवीत असे.

आमच्या व्हरांड्यात पंख्यासाठी केलेले दोन भोकांचे सॉकेट होते. तिथून हिरवळीच्या टोकापर्यंत पोचण्यासाठी लांब तार हवी होती. इतवारीतल्या दुकानदाराने दोन धाग्यांची तार पुढे टाकली.

"तीन धाग्यांची नाही का?" मी विचारले.

"इतकी लंबी? मंगवावी लागेल. महिना लागून जाईल." त्याने तार मोजायला सुरुवातही केली होती. "आणि अर्थिंग लावते कोण, साहेब? अख्ख्या नागपुरात कूलर चालून राहिले, एकाले तरी अर्थिंग हाय काय?"

हे खरे होते, आणि नागपूरच्या बाहेरच्या वाचकाला ते सांगायला हवे. उन्हाळ्यात आमच्या प्रत्येक घराच्या खिडकीला पत्र्याचा कूलर असतो. वाळ्याच्या ताट्यांवर पंप पाणी सोडतो आणि पंखा ओली हवा आत फेकतो. पाणी, पत्रा आणि वीज ही तिन्ही एका खोक्यात असल्याने कूलरला हात लागला की झिणझिण्या येतात. त्यावर आम्हा नागपूरकरांचा उपाय ठरलेला आहे. "कूलरला हात लावायचा तर पायात चप्पल घाल," एवढे प्रत्येक घरात मुलांना शिकवलेले असते. स्लिपर हेच आमचे अर्थिंग. एका पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाच्या घरातही हेच चाले.

मी दोन धाग्यांची तार घेतली. जेवणाच्या टेबलावर बसून यंत्राच्या तारेतला हिरवा धागा पकडीने कापला, त्यावर काळी पट्टी गुंडाळली आणि उरलेले दोन धागे नव्या तारेला जोडले. पत्नीने विचारले, "तो एक का कापला?" मी म्हणालो, "त्याचं इथे काम नाही." मग पायात स्लिपर घालून फरशीवर यंत्र चालवून पाहिले. दांड्याला हात लावताच बोटांत बारीक झिणझिणी आली. ती मला ओळखीची होती. मी तिच्याकडे दुर्लक्ष केले.

माळी आठ-पंधरा दिवसांत त्या यंत्रावर तयार झाला. मी त्याला काहीच शिकवले नाही, त्याने स्वतःच पद्धत शोधली. तार उजव्या खांद्यावरून मागे टाकायची, व्हरांड्याच्या बाजूने सुरुवात करायची आणि सॉकेटपासून दूर जात राहायचे, म्हणजे तार नेहमी कापलेल्या भागावर पडते आणि पात्याखाली येत नाही. शेजाऱ्यांनी कुंपणावरून पाहिले आणि म्हणाले, "खात्यात असता तर मी याला लाइनमन केला असता." माळ्याचा चेहरा खुलला होता. त्याच दिवशी त्याने मला सांगितले, "थोडी झिणझिण करते साहेब मशीन."

"कूलरही करतो," मी म्हटले. "काही होत नाही."

भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्यांचे, म्हणजे गौरींचे, जेवण असे. त्या वर्षी चाळीस-पन्नास माणसे येणार होती, आणि त्या दिवशी हिरवळ नीट कापलेली असावी अशी माझी इच्छा होती. आदल्या दिवसापर्यंत पावसाची रिपरिप चालूच राहिली. सकाळी माळी आला, गवतावरून हात फिरवून म्हणाला, "ओलं हाय जी. उद्या कापू काय?"

"उद्या जेवण आहे. आजच व्हायला हवं."

त्याने चपला काढल्या. मी खोलीत उत्तरपत्रिका तपासायला बसलो. यंत्राची घरघर सुरू झाली, काही वेळ एकसारखी चालली, आणि मग तिच्यात एक आवाज मिसळला. तो आवाज माणसाचा आहे हे समजायला मला वेळ लागला. बाहेर आलो तेव्हा तो दांड्याला चिकटून उभा होता. अंग कमानीसारखे ताणलेले, ओठ उघडे, डोळे माझ्याकडे. काय करायचे हे मला पूर्णपणे ठाऊक होते. हात लावायचा नाही, आधी वीज तोडायची. ठाऊक असूनही मी पायरीवर थिजून उभा राहिलो. पत्नी माझ्या बाजूने धावत गेली आणि तिने भिंतीवरचे मेन स्विच खाली ओढले. तो गवतावर कोसळला.

श्वास चालू होता. शेजाऱ्यांनी रिक्षा आणली आणि आम्ही त्याला धंतोलीतल्या एका दवाखान्यात नेले. तो वाचला. तळहात भाजला होता आणि उजव्या हाताची दोन बोटे आत वळून राहिली होती. डॉक्टर म्हणाले, "पाय उघडे, जमीन ओली. नशीबवान आहे. पण करंट आला कुठून?" मी म्हणालो, "जुनं यंत्र आहे." हे उत्तर खोटे नव्हते, आणि म्हणूनच ते मला सुचले.

दुसऱ्या दिवशी जेवण व्हायचे ते झालेच. पाहुण्यांत त्या सरकारी बागेचे सुपरवायझर होते. ते आमच्याच ले-आउटमध्ये, म्हणजे प्लॉटांच्या वसाहतीत, राहत. पंगत उठल्यावर हात पुसत ते माझ्याजवळ आले.

"प्रोफेसर साहेब, तुमच्या माळ्याला शॉक लागला म्हणे? आमच्याकडचाच तो. रोजीवर असतो. मशीनच्या जागेसाठी मागे लागला होता. पंधरा दिवसांपासून 'आता मले येते, आता मले येते' म्हणून राहिला होता. काय झालं नेमकं?"

आजूबाजूला चार माणसे विडा खात उभी होती. त्यांत माझ्या महाविद्यालयातले एक सहकारी होते. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाने अर्थिंगची तार स्वतःच्या हाताने कापली हे त्यांच्यापुढे म्हणायला किती शब्द लागले असते? फार तर दहा. मी दुसरे शब्द वापरले.

"ओल्या हातानं धरलं असावं. सांगितलं होतं तसं."

"हेच!" सुपरवायझर म्हणाले. "या लोकांना कितीही सांगा. मग मी माझं पेट्रोलचं मशीन कसं देऊ याच्या हाती? पेटवून देईल एखाद्या दिवशी." चौघेही हसले. मीही ओठ हलवले असावेत. त्यांच्या बोलण्यातला 'या लोकांना' हा शब्द माझ्या कानावर पडला आणि मी तो पडू दिला.

महिनाभराने माळी बागेत पुन्हा रोजीवर जाऊ लागला. यंत्रावर दुसऱ्या एका माणसाला घेतल्याचे मला शेजाऱ्यांकडून कळले. दिवाळीपर्यंत त्याचे काम पाहायचे आणि मग हुकूम काढायचा, असे ठरले होते. आमच्याकडे मात्र माळी आला नाही. मी यंत्र गच्चीवरच्या खोलीत टाकले आणि स्वतःला समजावले की औषधपाण्याचे सारे मी पाहिले आहे, आता आणखी काय करायचे राहिले?

ऑक्टोबरमध्ये वर्गात तो पाठ आला. मी आकृती काढली, लाल, काळा, हिरवा खडू वापरला. दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, मग कूलरला कुणीच का लावत नाही?"

वर्ग हसला. मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि दुकानदाराचे वाक्य माझ्या ओठावर आले. ते गिळून मी म्हणालो, "कारण चप्पल असते म्हणून आपल्याला वाटतं की काही होणार नाही."

"आणि चप्पल नसली तर?"

मी फळ्याकडे वळलो. आकृतीतला हिरवा धागा मी पूर्णच केला नव्हता. तास संपायला बराच वेळ होता, पण मी वर्ग लवकर सोडला.

त्याच संध्याकाळी मी उत्तर नागपुरातल्या माळ्याच्या वस्तीत गेलो. तो अंगणात बाजेवर बसला होता. त्याची पत्नी चुलीशी होती. पाणी झाल्यावर मी सांगितले. तार कापल्याचे, झिणझिणी मला आधीच आली होती याचे, आणि सुपरवायझरला मी काय म्हणालो त्याचेही.

त्याने आपल्या वळलेल्या बोटांकडे पाहिले. "तार कापली ते मले माहीत होतं," तो म्हणाला. "चिकटपट्टी पाहिली होती मी. वाटलं, साहेब शिकलेले हायेत, त्याइले समजत असन. पण हात ओले होते म्हून काहून सांगतलं जी? हात नव्हते ओले. फडक्यानं पुसले होते मी."

"चुकलं माझं."

"गल्लीत सारे हसून राहिले याले," त्याची पत्नी चुलीजवळून म्हणाली. "म्हणते, मशीन चालवाले गेला अन् मशीननंच याले चालवलं. पोरगी शाळेतून रडत आली."

"थांब वं," तो तिला म्हणाला, आणि मग मला. "मले सांगून काय फायदा, साहेब? मले तं माहीतच हाय. त्याले सांगा ना, सुपरवायझरले. दिवाळीच्या अगोदर."

दुसऱ्या दिवशी मी सुपरवायझरकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतले, थोडे हसले आणि म्हणाले, "फिजिक्सवाले तुम्ही, आणि अर्थिंग कापली? जाऊ द्या, होतं असं. पण वरच्या साहेबांकडे त्याच्या नावावर काट मारून मी यादी पाठवलीय. आता परत घालायचं तर मला काहीतरी कागद पाहिजे. लेखी द्या."

लेखी. घरी येऊन मी तीन वेळा लिहिले. बोलण्यात कबूल करणे आणि आपल्या अक्षरात, खाली पदनामासह कबूल करणे यांत फार अंतर आहे हे मला त्या संध्याकाळी कळले. शेवटी एक मजकूर मनासारखा जमला. तो सुपरवायझरकडे देण्याआधी त्या दोघांना वाचून दाखवावा असे मला वाटले. खरे सांगायचे तर त्यांनी माझ्या मोठेपणाची दखल घ्यावी असेही वाटले असावे.

मी अंगणात उभा राहून वाचू लागलो. शेजारपाजारची पाच-सहा माणसे दारांत आली. माळ्याच्या पत्नीने त्यांना हटकले नाही, उलट एकीला हात करून जवळ बोलावले. "या वं, तुमीबी ऐका," ती म्हणाली.

"'सदर यंत्राच्या जोडणीत माझ्या नजरचुकीने अर्थिंगची तार जोडावयाची राहून गेली...'"

"थांबा जी," ती म्हणाली. "नजरचुकीनं म्हणजे? तुमाले दिसली नव्हती का ते तार?"

"दिसली होती."

"मंग?"

माळी खाली पाहत होता. मी तिला काही सांगणार होतो, की अर्जात असेच लिहितात, ही कागदाची भाषा असते. पण तिच्याकडे पाहिल्यावर ते ओठांवर आले नाही. मी बाजेवर बसलो, मांडीवर कागद ठेवला, ते वाक्य खोडले आणि वर लिहिले, 'धोका मला माहीत असूनही मी ती तार स्वतः कापली.' मग पुढचे वाक्य वाचले. 'माळ्याने तक्रार केली असता मी तिकडे दुर्लक्ष केले.' त्याला तिची हरकत नव्हती. 'त्यांचे हात ओले असल्याचे मी जे सांगितले ते खरे नव्हते.' मला वाटते, त्या वाक्याला दारातल्या एका म्हाताऱ्याने मान हलवली.

"सही करा," माळी म्हणाला.

खाडाखोडीचा तोच कागद मी सुपरवायझरला दिला. पुन्हा स्वच्छ लिहून काढण्याचा मोह झाला होता, पण पुन्हा लिहिताना मी आणखी काही शब्द बदलले असते याची मला खात्री होती.

दिवाळीच्या आठवडाभर आधी माळ्याला पेट्रोलच्या यंत्रावर उभे केले. आधी घेतलेल्या माणसाची वळणे वाकडी जात आणि कडेच्या फुलझाडांचे नुकसान होई, असे मी नंतर ऐकले. उजव्या हाताची दोन बोटे दोरीची मूठ धरायला उघडत नव्हती, म्हणून माळ्याने दोरी डाव्या हाताने ओढली. पहिल्या दोन वेळा यंत्र फुरफुरून बंद पडले. तिसऱ्यांदा सुरू झाले, आणि त्याने एका बाजूने सुरुवात करून समोरचा सगळा चौकोन कापून दाखवला. दिवाळीनंतर निघालेल्या हुकुमावर त्याचे नाव होते.

हे मला सुपरवायझरनेच रस्त्यात थांबवून सांगितले. मी म्हणालो, "तो कागद उपयोगी पडला म्हणजे."

"कागद फायलीला लावलाय," ते म्हणाले. "नाव परत घालायला तेवढा पुरला. पूर्ण वाचायला वेळ कुठे झाला? माणूस मी मशीनवर पाहून घेतला. डाव्या हातानं दोरी ओढली राव त्यानं! कडेचं एक पान कापलं नाही."

ते गेल्यावर मी सायकल धरून तसाच उभा राहिलो. माळ्याला नोकरी मिळाल्याचा आनंद मला झाला होता, यात शंका नाही. पण त्या आनंदाच्या पोटात एक बारीक दुखणे होते, आणि ते कशाचे हे ओळखायला मला फार वेळ लागला नाही. ती जागा त्याला त्याच्या हाताने मिळाली होती, माझ्या कबुलीने नव्हे. माझा कागद कोणी धड वाचलाही नव्हता. इतक्या कष्टाने खरे लिहिले, तर त्याचे श्रेय तरी पदरात पडावे, असे मला वाटत होते. म्हणजे ज्या मोहाने मी विजेचे यंत्र निवडले आणि ज्या मोहाने विड्याच्या ताटाशी खोटे बोललो, तोच मोह माफी मागतानाही माझ्याबरोबर आला होता.

तो माळी पुन्हा आमच्याकडे कामाला आला नाही, आणि त्याला बोलावण्याचा अधिकार मला आहे असे मला वाटले नाही. कधी त्या बागेवरून जाताना यंत्राचा आवाज ऐकू येतो. मी थांबत नाही. तो मला पाहतो तेव्हा हात वर करतो, मीही करतो, आणि यंत्र थांबवण्याची वेळ त्याच्यावर येऊ नये म्हणून सायकल थोडी जोरात हाकतो.